आधी चर, मग खडी

प्रश्न : बार्शी तालुक्यात, गावापासून जरा लांब शेतात आम्ही घर बांधलं. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतची वाट ३०० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे, सगळी काळ्या रानातून. तीन वर्षांपूर्वी तिच्यावर आठ ट्रॉल्या मुरूम आणि वरून तीन ट्रॉल्या खडी टाकली. पहिला उन्हाळा छान गेला. आता मुरूम दिसत नाही, खडीही जागोजागी गडप झाली. सप्टेंबरात गाडी डांबरीवर लावून चिखल तुडवत घरी यावं लागतं. सासरे काठी घेऊन चालतात. उरलेल्या सुट्या खडीवरून त्यांचा पाय उन्हाळ्यातसुद्धा घसरतो. त्यांचं म्हणणं, आणखी मुरूम टाका. भाऊ म्हणतो, एकदाच काय ते काँक्रीट करून टाक. मला पेव्हर ब्लॉक बरे वाटतात. शेजारच्या उसाला पाटाने पाणी असतं, तेही वाटेच्या कडेपर्यंत येतं. यंदा मे महिन्यात काम करायचंच आहे. नेमकं काय करावं?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, उसाच्या पाटाचं. त्याकडे येतोच. आधी मुरूम गेला कुठे त्याचा हिशेब करू.

ट्रॅक्टरची एक ट्रॉली म्हणजे ढोबळमानाने एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट. आठ ट्रॉल्यांचा ८०० घनफूट मुरूम तुमच्या ३,००० चौरस फुटांवर पसरला तर थर होतो जेमतेम सव्वातीन इंचाचा, तोही भुसभुशीत. गाड्या फिरून दबला की अडीच इंच. खडीचा थर त्याहून पातळ, सव्वा इंच. म्हणजे एक दगड जाडीचासुद्धा धड नाही. सुक्या, कडक जमिनीवर एवढ्यानेही दोन-चार वर्षं निभली असती. काळ्या मातीवर निभत नाही.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. वर चाकाचा दाब आला की खडी खाली रुतते आणि तिच्या फटींतून चिखल वर येतो. प्रत्येक खेपेला थोडी खडी खाली, थोडा चिखल वर. उन्हाळ्यात तीच माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि बारीक मुरूम त्या भेगांत उतरतो. म्हणून सासऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे आणखी आठ ट्रॉल्या टाकल्यात तर आणखी दोन उन्हाळे छान जातील, बस. अर्थात तो जुना मुरूम वाया गेला असं समजू नका. जमिनीत मुरून त्याने तुमची वाट आजूबाजूच्या रानापेक्षा थोडी घट्ट केलेली आहे. तो उकरून काढायचा नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण काम सुरू झालं की जेसीबीवाला पहिली गोष्ट हीच सुचवेल : “फूटभर खोदून घेऊ, मग भरू.” काळ्या रानात फूटभर खोदून त्यात दगड-मुरूम भरला की तयार होतो ३०० फूट लांबीचा हौद. चारी बाजूंना पाणी न सोडणारी माती आणि मध्ये दगडांच्या फटी. रानातलं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नसल्याने दिवाळीपर्यंत तिथेच राहतं. वरून रस्ता कोरडा दिसतो आणि गाडी गेली की गादीसारखा दबतो. तेव्हा खोदू नका, उचला. वरचं गवत आणि तीन-चार इंच चिखलमाती तेवढी खरवडून शेतात पसरून द्या, चांगली माती आहे. बाकी सगळं काम त्यावर चढवायचं, असं की पुरा झालेला रस्ता दोन्ही बाजूंच्या रानापेक्षा फूट-सव्वा फूट वर राहील.

आता पाणी. मे महिन्यात एक ट्रॉलीही आणायच्या आधी वाटेवरून एकदा चालत जा आणि कुठलं पाणी कुठून येतं ते ठरवा. तुमच्या बाबतीत ते चार ठिकाणांहून येतं असं दिसतं.

पहिलं, उसाचं. पाऊस वर्षाचे दोन-तीन महिने, पण पाटाचं पाणी दर पाळीला. रस्त्याखालची माती बारमाही ओली राहत असेल तर वर सोन्याचा थर घातलात तरी तो खचेल. ऊस शेजाऱ्यांचा असेल तर गोडीगुलाबीने बोला. रस्त्याकडच्या दोन सऱ्या कोरड्या ठेवायला किंवा तेवढ्या पट्ट्याला ठिबक करायला ते तयार झाले तर निम्मं काम तिथेच झालं. नाहीच झाले, तर त्या बाजूचा चर जास्त खोल घ्यायचा.

दुसरं, वरच्या अंगाच्या रानाचं. तीनशे फुटांचा उचललेला रस्ता म्हणजे एक आडवा बांधच असतो. रानाचा उतार रस्त्याला काटकोनात असेल तर वरच्या बाजूला पाणी तुंबणार. जिथे तुंबतं ती सखल जागा तुम्हाला माहीत असेलच, पावसाळ्यात बेडूक जिथून ओरडतात ती. तिथे रस्त्याखालून मोरीचा पाईप हवा.

तिसरं, डांबरी रस्त्याचं. डांबरीचा उतार कडेकडे असतो आणि पाण्याला तुमचं तोंड उघडं मिळालं की ते सरळ आत येतं. म्हणून आतला पहिला दहा-पंधरा फुटांचा तुकडा डांबरीच्या कडेपेक्षा दोन-तीन इंच खाली घेऊन तिथे आडवा उथळ खोलगट भाग ठेवायचा, म्हणजे पाणी तिथूनच बाजूच्या चरात वळेल. आणि डांबरीच्या कडेचा सरकारी चर मातीने बुजवून वाट काढलेली असेल, बहुतेक ठिकाणी असतेच, तर तिथे पाईप टाका. त्यासाठी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे, म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग, त्यांना अर्ज द्यावा लागेल. पाईप सिमेंटचा घ्या, एनपी-३ प्रतीचा (आत सळ्या असलेला, रस्त्याखाली घालतात तो), आणि दीड फूट व्यासाचा. फुटाचा स्वस्त पडतो, पण दुसऱ्या वर्षी त्यात गाळ आणि पाचट अडकलं की साफ करायला फावडं आत जात नाही. पाईपाच्या डोक्यावर किमान फूटभर भराव हवा, नाहीतर उसाची भरलेली ट्रॉली त्याचे तुकडे करेल.

चौथं, रस्त्यावरच पडणारं. त्याची व्यवस्था सोपी आहे : मध्य उंच, कडा खाली. दर फुटाला अर्धा इंच. तुमचा रस्ता १० फूट रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५ फूट आणि मध्य कडेपेक्षा अडीच इंच उंच. मिस्त्रीला “थोडा उतार दे” म्हणू नका, अडीच इंच म्हणा. दोरी आडवी ताणून मोजून घ्या. डोळ्याला हा उतार जरा जास्तच वाटतो आणि वाटलाच पाहिजे. वाहतुकीने तो दरवर्षी थोडा बसतोच.

दोन्ही बाजूंचे चर रस्त्याच्या कडेला खेटून काढू नका. कडेपासून तीन फूट सोडून घ्या, म्हणजे साइडपट्टी उरेल आणि दगडाला आधार राहील. खोली दीड ते दोन फूट, तळ एका बाजूला सलग उतरता, आणि शेवट ओढ्यात किंवा नाल्यात. शेजाऱ्याच्या रानात सोडलंत तर रस्ता होईल, पण दोन घरांचं येणं-जाणं बंद होईल. चर तुमच्याच हद्दीत बसतो ना, ते आधी मोजून पाहा. बांध कोरून चर काढल्याच्या भांडणांनी तहसील कचेऱ्या भरलेल्या आहेत.

ज्या पद्धतीला आपण खडीकरण किंवा डब्ल्यूबीएम (वॉटर बाउंड मॅकॅडम) म्हणतो, त्यातला ‘एम’ हा जॉन लाउडन मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाचा. १८१६मध्ये तो ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्व्हेअर झाला. त्याचं सांगणं असं की भार शेवटी मूळ जमीनच पेलते आणि कोरडी असेल तोवर ती काहीही पेलते. दगडाच्या थराचं काम तिच्यावर छप्पर धरण्याचं. खाली मोठमोठे दगड रचण्याच्या तो विरोधात होता. आपल्याकडे काळ्या मातीत मात्र खाली डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा रचलेला थर, घालतात आणि मला ते बरोबर वाटतं. फुगणारी-आकसणारी जमीन पूर्ण कोरडी ठेवणं चरांनाही जमत नाही. पण छप्पराचं त्याचं म्हणणं मात्र अगदी लागू आहे.

तर थर असे. खरवडून झालेल्या जमिनीलाही मधला उंचवटा देऊन घ्या आणि रोलर फिरवा. त्यावर मुरुमाचा सहा इंच दाबलेला थर. हा काळ्या मातीला झाकतो. बजेटमध्ये बसत असेल तर मुरुमाच्याही आधी जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, न विणलेलं, नमद्यासारखं येतं ते, २०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं), जोडावर दीड फूट एकावर एक चढवून. ते पाणी जाऊ देतं, चिखल वर येऊ देत नाही. याच्या जागी शेततळ्याचा उरलेला कागद किंवा निवडणुकीचे जुने फ्लेक्स अंथरणारे लोक आहेत. तसं करू नका. प्लास्टिकवर पाणी साचून राहतं आणि वरचा थर त्यावर सरकतो.

मुरुमावर डबराचं सोलिंग, सहा इंच. दगड हाताने उभे-आडवे बसवून घ्यायचे, रुंद बाजू खाली, आणि फटी चिपांनी ठोकून भरायच्या. हायवातून (मोठ्या टिपरमधून) ओतून जेसीबीने पसरलेला डबर सोलिंग नव्हे. मजुरी इथे लागते, लागू द्या. कडेचे दगड मोठे निवडून उभे गाडले तर बाकीचे बाहेर सरकत नाहीत. त्यावर बारीक मुरूम पसरून, पाणी मारून फटी भरायच्या आणि रोलर.

त्यावर ४० ते ६० एमएमची खडी, चार इंच पसरून दाबल्यावर तीन इंच. आणि सगळ्यात वर दोन इंचांचा थर, २० एमएम आणि १० एमएमची खडी, कच (खडीचा बारीक चुरा) आणि मुरूम एकत्र मिसळलेला.

याचा माल साधारण असा होतो : खालचा मुरूम १९-२० ब्रास, डबर १५ ते १७, मोठी खडी १०, वरचं मिश्रण ५, फटी भरायला आणि साइडपट्टीला आणखी आठ-दहा ब्रास मुरूम. साठीच्या घरात जातं. तुमच्या आधीच्या अकरा ट्रॉल्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. कमी करायचाच असेल तर रुंदी नऊ फूट करा, वरचा थर पुढच्या वर्षावर ढकला, पण खालच्या मुरूम-डबराला हात लावू नका. फाटकापाशी आणि डांबरीच्या तोंडाशी मात्र रुंदी वाढवावी लागेल, नाहीतर ट्रॉली वळताना मागचं चाक दरवेळी कड तोडेल.

मुरूम बघून घ्या. डोंगर पोखरून आलेलं सगळंच मुरूम नसतं. चांगल्या मुरमात टोकदार खडे असतात आणि त्यांना धरून ठेवण्यापुरतीच माती. मूठभर घेऊन भिजवा, बारीक भाग तळव्यांत घोळवा. काडीएवढी बारीक वळी न तुटता होत असेल तर त्यात चिकणमाती जास्त आहे, गाडी परत पाठवा. आणि दाबायच्या वेळी ओलावा किती हवा? मुठीत आवळला की गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. कोरडा मुरूम दाबला जात नाही, नुसता हलतो. रबडी झालेला तर नाहीच दाबला जात. मे महिन्यात टँकर लागणार हे आधीच धरून चाला.

रोलरवर पैसे वाचवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. जेसीबीची बकेट आपटून किंवा भरलेली ट्रॉली मागे-पुढे करून “चांगलं बसलं” असं सांगतात. ट्रॉलीची चाकं दोन पट्टे दाबतात, मधलं पोकळच राहतं. आठ-दहा टनी रोलर एक-दोन दिवस भाड्याने आणा. दर थराला फिरवा आणि एका वेळी सहा इंचांपेक्षा जाड थर दाबायला घेऊ नका. रोलर कडेकडून मध्याकडे न्यायचा, मध्याकडून कडेला नाही, नाहीतर तुमचे अडीच इंच कडेला वाहून जातील. मोठ्या खडीवर आधी कोरडा फिरवायचा, खडी एकमेकींत अडकली की मग कच आणि मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, खराट्याने फटींत लोटायचा, पुन्हा रोलर. फटी प्यायच्या थांबेपर्यंत हेच. काम झालं का ते ओळखायची जुनी खूण तुम्ही स्वतः उभं राहून तपासा : खडीचा एक तुकडा रोलरच्या चाकापुढे टाका. तो आत रुतला तर आणखी दाबा. वरच्या वर चुरा झाला तर पैसे द्या.

सासऱ्यांच्या घसरण्याचं कारण वरचा थर आहे. एकाच मापाची खडी नुसती पसरली तर ती कधीच बसत नाही. दगडाला दगड धरायला मधलं बारीक काही नसतं, म्हणून पायाखालून आणि चाकाखालून सरकत राहते. नदीतले गोल गोटे तर त्याहून वाईट, दिसतात सुंदर. म्हणून वर सांगितलेलं मिश्रण : मोठं, मध्यम, बारीक आणि थोडा मुरूम, ओलं करून दाबलेलं. ते कडक बसतं, त्यावर काठी टेकते. तरी माझं मत विचाराल तर रस्त्याच्या एका कडेने, साइडपट्टीवर, दोन फूट रुंदीची शाहाबादी फरशीची पायवाट करा. सोलापूर भागात ती सहज मिळते. पॉलिश न केलेली, खरबरीत बाजू वर. फरशी रस्त्याच्या कडेपेक्षा उंच बसवू नका, नाहीतर रस्त्याचं पाणी तिच्यामागे अडेल.

आता भाऊ आणि तुम्ही. काँक्रीटला माझा विरोध नाही, काळ्या मातीवर थेट ओतण्याला आहे. खालची जमीन फुगली-आकसली की स्लॅब अधांतरी राहतो आणि पहिल्या भरलेल्या ट्रॉलीला तडकतो. मुरुमाचा रस्ता खचला तर खड्डा बुजवता येतो, तडकलेलं काँक्रीट फोडून टाकावं लागतं. पेव्हर ब्लॉकचंही तसंच. पाया कच्चा असला की चाकांच्या दोन रेषांत ब्लॉक खचतात आणि मध्ये पाण्याची पन्हळ तयार होते. दोन्हींना खाली तोच मुरूम आणि तोच डबर लागणार. म्हणून आता खडीकरण नीट करा. दोन-तीन वर्षांनी पैसे आणि हौस शिल्लक असेल तर त्याच पायावर वर काय हवं ते घाला. फाटकापासून पोर्चपर्यंतचा शेवटचा तुकडा ब्लॉकचा केलात तर तो मात्र शोभेल, तिथे ट्रॉली येत नाही. त्या तुकड्याचा उतार घराकडून बाहेर हवा. उचललेला रस्ता अंगणापेक्षा उंच झाला आणि पाणी जोत्याशी आलं, असं व्हायला नको. घराजवळ पातळी जमत नसेल तर तिथे, आणि फक्त तिथेच, थोडं खोदा आणि त्या खोदाईचा तळ चरात मोकळा करा.

वेळापत्रकाबद्दल एक सुचवतो. सगळं काम मे महिन्यातच उरकू नका. चर, पाईप, मुरूम, सोलिंग आणि मोठी खडी मे अखेरपर्यंत. मग रस्त्याला एक पावसाळा दाखवा. तुमच्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरातला. तो कुठे पाणी तुंबवतो, कुठे खचवतो ते आपोआप कळेल. दिवाळीनंतर, जमिनीत ओल आहे तोवर, खचलेल्या जागा भरून वरचा दोन इंचांचा थर घाला. मे महिन्यात घातलेला वरचा थर पहिल्याच पावसात अर्धा चरात गेलेला मी अनेक ठिकाणी पाहिलाय. आणखी एक : डबर पडायच्या आधी रस्त्याखालून आडवे दोन-तीन रिकामे पीव्हीसी पाईप टाकून ठेवा, सहा इंची, दोन्ही तोंडं बंद करून. ठिबकची लाईन, विजेची केबल, उद्या काय न्यावं लागेल सांगता येत नाही. नवा कोरा रस्ता पुढच्याच वर्षी पाईपलाईनसाठी आडवा फाडलेला बघवत नाही, आणि फाडलेली जागा पुन्हा कधी नीट बसतही नाही.

देखभाल म्हणाल तर खर्चिक नाही, पण ती चुकवता येत नाही. मृगाच्या आधी चर आणि पाईप साफ. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत छत्री आणि फावडं घेऊन रस्त्यावर एक चक्कर मारा, पाऊस चालू असताना. कोरड्यात जे शोधायला तास लागेल ते तेव्हा पाणी स्वतः दाखवतं. बहुतेक वेळा दिसेल ते असं : गाड्यांनी बाहेर फेकलेली खडी आणि धूळ कडेला साचून तिथे बोटभर उंचीचा वरंबा झालेला असतो आणि पाणी चरात न जाता त्या वरंब्याला धरून रस्त्याच्याच अंगावरून धावत असतं. तो वरंबा फावड्याने कापला, खडी मध्यावर ओढली, झालं. बहुतेक खडीचे रस्ते या एका वरंब्यापायी बिघडतात, असं माझं मत झालंय.

खड्डा पडला तर त्यात नुसती पाटीभर खडी टाकून निघून जाऊ नका. पहिल्या चाकाला ती बाहेर येते. पाणी काढा, कडा कुदळीने उभ्या कापा, तळ घट्ट लागेपर्यंत उकरा, वरच्या थराचंच मिश्रण ओलं करून दोन टप्प्यांत भरा आणि धुम्मसाने ठोका, आजूबाजूपेक्षा अर्धा इंच उंच ठेवून. यासाठी तेच मिश्रण एक ब्रास आधीच जास्त मागवून गोठ्यामागे झाकून ठेवा. आडव्या लाटा उठल्या, गाडी त्यावरून कडकडत जायला लागली, तर त्या जोरात जाणाऱ्या गाड्यांच्या आणि कोरड्या पडलेल्या थराच्या. खळगे भरून उपयोग नसतो. लाटांच्या तळापर्यंत सगळं खरवडायचं, ओलं करून पुन्हा पसरायचं आणि दाबायचं. वर्षातून एकदा, पाऊस उघडल्यावर, ट्रॅक्टरच्या फळीने कडेचा माल मध्यावर ओढून घेतला तर लाटांपर्यंत गोष्ट जातच नाही. दर दोन-तीन वर्षांनी इंचभर नवा थर, म्हणजे अडीच ब्रास.

धूळ उडायला लागली की काहीजण जळकं ऑइल ओततात. पुढच्या पावसात ते चरात आणि चरातून विहिरीत जातं. ओतू नका. संध्याकाळी पाणी मारा आणि मिश्रणातला मुरूम धुऊन गेलाय का ते बघा. साइडपट्टीवर हराळी आली तर राहू द्या. शेतात तिने तुमचा जीव खाल्ला असेल, पण इथे ती माती धरते. रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरची मात्र काढा. आणि ट्रॅक्टरवाल्याला दोन गोष्टी बजावून ठेवा : केजव्हील (चिखलणीची लोखंडी चाकं) लावून या रस्त्यावर यायचं नाही, आणि ओल्या रानातून आल्यावर चाकाची माती फाटकाबाहेर झाडायची. ती माती खडीच्या फटींत बसली की तुमचा रस्ता वरूनही काळा व्हायला लागतो.

कोकणातल्या वाचकांनी हे सगळं जसंच्या तसं उचलू नये. तिथे जमीन खचत नाही, तिथे पाऊस रस्ताच उचलून नेतो. उतारावर दर पन्नास-साठ फुटांवर तिरकी आडवी पन्हळ घालून पाणी बाहेर काढावं लागतं. पायाला जांभ्याचा डबर चालेल, पण वरच्या थराला जांभ्याची खडी नको, ती चाकाखाली पीठ होते. वर काळा दगडच हवा.

माल घेताना मापाचं बघा, ताई. ब्रास हा तोंडी हिशेब आहे आणि हायवा “पाच ब्रास” म्हणून चार टाकते. रिकाम्या गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा, शंभराने भागा. उंची मोजताना कडेपर्यंत भरते का ते पाहा, मधला ढीग बघून फसू नका. प्रत्येक खेपेला गौण खनिजाचा वाहतूक पास मागा आणि पासांची चवड जपून ठेवा. तलाठ्यांनी उद्या “हा मुरूम कुठला?” विचारलं तर दंडाची नोटीस जमीन-मालकाच्या नावे निघते, ट्रॉलीवाला तेव्हा फोन उचलत नाही. सोलिंगच्या दिवशी कुणीतरी घरचं माणूस जागेवर असू द्या, सकाळपासून. सासरे बसणार असतील तर त्यांना सावलीत खुर्ची आणि हातात टेप द्या.